मेणकागदावरची पंक गोष्ट

मित्रांनो, नाकाला शाईचा वास आला ना? तो माझाच. मी इंदापुरातली एक जुनी सायक्लोस्टाइल मशीन आहे. मेणकागदावर टोकदार लेखणीने लिहायचं, तो माझ्या पोटावर चढवायचा आणि हँडल फिरवायचं, की मी प्रतींवर प्रती काढते.

तहसील कचेरीसमोर गेणबांचं टायपिंगचं दुकान होतं. माझी उमेदीची वर्षं तिथेच गेली. प्रश्नपत्रिका, सभेच्या नोटिसा, सगळं माझ्यातून निघे. मास्तर तारीफ करत आणि मी फुगून जाई. नव्वदच्या दशकात शेजारी झेरॉक्स आलं आणि माझ्यावर धूळ चढली.

तेव्हा दिपाली आली. धनगराची कॉलेजातली पोर, बोलायला फटकळ. तिच्या भावाने पुण्याहून पंक नावाच्या विलायती संगीताची कॅसेट आणली होती. ती पंकवाली पोरं जेमतेम वाजवायला शिकून मंचावर चढतात, कुणाची परवानगी मागत नाहीत, आपली मासिकंही स्वतःच काढतात, हे त्याच्याकडून ऐकून ही भारावली. "गाणं असं असतंय, तर गोष्ट का न्हाय?" म्हणाली आणि तशीच गोष्ट लिहून बसली. तोडकी वाक्यं, गुळमुळीतपणा औषधाला नाही. गोष्टीतल्या मुली बापाचा धनगरी गजी नाचाचा ढोल चोरतात आणि बँड काढतात. दिपालीच्या घरीही तसा ढोल होता आणि त्याला बायकांनी हात लावायचा नाही, असा रिवाज होता.

एका दिवाळी अंकाच्या संपादकांनी कळवलं, शेवटी मुलींना माफी मागायला लावा, मग छापू. ही ऐकेल तर शपथ! मेणकागदावर तिने स्वतः लिहिलं, चुकलं तिथे अक्षर बुजवायला नेलपॉलिश लावलं आणि माझं हँडल धरलं. आजवर मी लोकांना हुकूम सोडणारेच कागद छापले होते. त्या दिवशी मात्र मी जीव ओतला. काय पोर होती ती!

तिला धास्ती एकच, वडिलांची. बाजाराला आलेले आप्पा नेमके तेव्हाच दुकानात शिरले. त्यांना वाचता येत नव्हतं.

"काय लिवलंय पोरीनं? वाच गेणबा."

गेणबांनी सगळं वाचलं. 

"त्या पोरींनी बापाला ढोल मागितला तरी व्हता का?" आप्पांनी विचारलं.

"न्हाय, आप्पा," दिपाली म्हणाली.

"मागून तर बघायचा." एवढंच बोलून ते निघून गेले.

"शेवट बदलायचा का गं?" गेणबा म्हणाले.

"न्हाय गेणबा तात्या. गोष्टीतला बाप येगळा हाय," ती म्हणाली. गोष्ट होती तशीच छापली. कॉलेजात ती हातोहात फिरली.

पुढच्या बाजाराला आप्पा खांद्यावर ढोल घेऊन दुकानात आले. तो त्यांनी माझ्याशेजारी ठेवला आणि लेकीकडे पाहिलं.

"आता माग."

कुणाकडेच परवानगी न मागणारी ती पोर रडत रडत म्हणाली, "द्या ना, आप्पा."

मित्रांनो, माझ्यावरची धूळ अधूनमधून पुसत जा. पण त्याआधी, घरातली पोर काही वाजवायला बघत असेल, तर ते तिला चोरायला लावू नका.