डाम मोजणारी डॉक्टरीण

विद्यापीठाला थिसिसचा विषय कळवायची तारीख आठ दिवसांवर आली, तरी रूथ मावचीचं घोडं तिथेच पेंड खात होतं. सर्जरीचं पहिलं वर्ष, जिल्ह्याच्या मोठ्या दवाखान्यात रात्रंदिवस राबणं, आणि वर हे खूळ. ती जो विषय नेई तो विभागप्रमुख उमाकांत सर उडवून लावत. सर सारंगखेड्याच्या बागायतदार घरातले. मनापासून काही बोलायचं असलं की त्यांची कॉलेजातली मराठी गळून पडे आणि घरची अहिराणी बाहेर येई. हर्नियावर तिघांनी केलंय, मुतखड्यावर चौघांनी, नवं काही असेल तरच दार वाजव, असं त्यांनी तिला भर वॉर्डात सुनावलं.

मग रूथने हल्ली सगळेच करतात ते केलं. मोबाइलमधल्या एआयला विचारलं. त्याने मिनिटभरात चाळीस विषय काढून दिले. रोबोटने पित्ताशय काढणं काय, ऑपरेशन चालू असताना कॅमेऱ्याने गाठ ओळखणं काय! इथे सीटी स्कॅनचं मशीन आठ महिने पांघरूण घेऊन झोपलेलं, आणि हा म्हणे रोबोट आणा. तिने वैतागून त्याला इथली खरी गत लिहून टाकली.

तिच्या भागात पोट दुखायला लागलं की माणूस आधी भगताकडे जातो. भगत विळा तापवून पोटावर डाम देतो, एका दिवसाला एक. दुखणं थांबलं नाही तर दुसऱ्या दिवशी दुसरा. रूथ नवापूरच्या पलीकडच्या, गुजरातच्या हद्दीला टेकलेल्या डोंगरातली. हे तिला कुणी सांगायला नको होतं. दवाखान्यात आल्यावर मात्र नातेवाईक एकच सांगतात, आज सकाळपासूनच दुखतंय. खरं सांगितलं तर डॉक्टर अंगावर येतात, मग कोण कशाला सांगेल? आणि आतडं फुटलं असेल तर पहिला दिवस आणि चौथा दिवस यात जिवंत माणूस आणि मढं एवढं अंतर असतं. तेवढं एक खरं कळलं, तर चाकू कधी लावायचा ते कळतं.

एआयने नेमकं तेच उचललं. डाम मोजा, असं त्याने लिहिलं. नातेवाईक सांगतात ते दिवस, पोटावरचे डाम, आणि रोगी वाचला की गेला, हे तिन्ही शेजारी शेजारी मांडा. माझ्या माहितीत असं कुणी केलेलं दिसत नाही, तरी तपासून घ्या. रूथला भरून आलं. वर्षभरात पहिल्यांदा कुणीतरी तिचं म्हणणं पुरतं ऐकून घेतलं होतं, मग ते मशीन का असेना. सरांनी कागद दोनदा वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, "हाई नवं शे. कर तू."

आणि चाललं की चांगलं! नातेवाईक म्हणत आज, पोट म्हणे चार दिवस, आणि पोट कधी खोटं बोललं नाही. धडगावकडच्या एका माणसाच्या पोटावर पाच डाम होते. रूथ तपासण्यांसाठी थांबलीच नाही, सरांना विचारून त्याला थेट टेबलावर घेतलं, आणि तो माणूस बाराव्या दिवशी स्वतःच्या पायांनी घरी गेला. असे सहा महिन्यांत चार जण वाचले. सर इतर मुलांना तिचं नाव घेऊन टोमणे मारू लागले.

नाताळला ती गावी गेली. पाळकांनी भर चर्चमध्ये तिला उभं केलं, आपल्या लेकराचं कौतुक म्हणून. आता कौतुकाने माणूस सैल सुटतो, तशी तीही सुटली. डाम देऊ नका, ती म्हणाली, आणि दिला तरी आता लपत नाही. मी मोजते, आणि मोजून मला सगळं कळतं. लगेच पाळकांनी पुस्ती जोडली, की ख्रिस्ताचं नाव घेऊन भगताची पायरी चढणाऱ्यांनी लाज धरावी. लोकांनी माना डोलावल्या. महिनाभरात आठवडी बाजारांतून डोंगरभर झालं, की दवाखान्यात एक डॉक्टरीण बसली आहे, ती डाम मोजते.

फेब्रुवारीपासून पोटं स्वच्छ यायला लागली. एकामागून एक, डागसुद्धा नाही. रूथला कोण आनंद झाला! तिला वाटलं लोकांनी ऐकलं. मोजायला सुरुवात केली की मोजायची वस्तू जागा सोडते, हे ना त्या एआयला सुचलं होतं, ना सरांना, ना कागदावर सह्या करणाऱ्या एथिक्स कमिटीतल्या सात शहाण्यांना. पण ती मंडळी बाहेरची. रूथ तर डोंगरातल्या लोकांतलीच होती ना? तिला कळायला हवं होतं.

होळीच्या आठवड्यात तिची मावशी रमिलाबाई एस्तेरला घेऊन आली. एस्तेर मावशीची धाकटी, बावीस वर्षांची, जन्मापासून सिकलसेल या रक्ताच्या आजाराची रोगी. सिकलसेल असला की अधूनमधून पोटात कळा येतातच. तेव्हा सलाइन लावायची, दुखणं उतरू द्यायचं, उगाच चाकू लावला तर जीव जायचा. रूथने विचारलं, कधीपासून? मावशी म्हणाली, आज सकाळपासून. रूथने पोट उघडं करून पाहिलं. एकही डाम नाही. एक्स-रेतही काही दिसलं नाही. सरांना फोनवर तिने तेच सांगितलं, सकाळपासून, डाम शून्य, सिकलसेल. सरांनी वाट बघायला सांगितलं. तिने सहा तास वाट पाहिली. संध्याकाळी एस्तेरचं ब्लडप्रेशर कोसळलं तेव्हा धावाधाव करून पोट उघडलं, तर आत सगळा पूच पू. अपेंडिक्स केव्हाच फुटून गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी एस्तेर गेली.

देह चादरीत गुंडाळताना रूथने पाय धरले होते. डाव्या तळव्याच्या खोलगट भागात तिच्या बोटांना काहीतरी खरखरीत लागलं. तिने पाय वर केला. छोट्या गोल खपल्या होत्या, एका ओळीत, चार.

"मावशी, हे काय?"

रमिलाबाईने पदराने डोळे पुसले. चूक कबूल करावी तसं नाही, केलेलं काम सांगावं तसं ती घरच्या बोलीत सांगू लागली. "तू चर्चमध्ये म्हणालीस ना, मोजते म्हणून. माझी पोर पोटावर डाम घेऊन तुझ्या दवाखान्यात आली असती तर तुझे सर तुला काय म्हणाले असते? तुझी मान खाली गेली असती. मी रेवजी भगताला म्हटलं, पोटावर नको, तळव्याला दे."

रूथने त्या खपल्या पुन्हा मोजल्या. चार दिवस पोर घरी तळमळली, आणि तिच्या आईने ते चार दिवस रूथच्या अब्रूसाठी लपवले. आता मावशीला दोष द्यायचा तरी कुठल्या तोंडाने?

सरांना तिने सगळं सांगितलं. ते तिची डामांची नोंदवही चाळून म्हणाले, की फेब्रुवारीपासूनची तेवीस पोटं स्वच्छ लिहिली आहेत, त्यातली खरी किती हे देव जाणे. विषयही आता बदलता येणार नव्हता. तिने एआयलाही लिहिलं, दुसरं कुणाला सांगणार? त्याने दोन ओळींत दुःख व्यक्त केलं. मग लिहिलं की हे निरीक्षण महत्त्वाचं आहे, आणि पाच नवे विषय सुचवले. पहिला होता, डाम देण्याच्या जागेत झालेला बदल. तिने ते अ‍ॅपच काढून टाकलं.

तिसऱ्या दिवशी डोंगरातल्या काठी गावाकडचा एक माणूस आला. झोळीतून रस्त्यापर्यंत, तिथून जीपने. पोट फुगलेलं, पण कातडी स्वच्छ. रूथने त्याचे तळवे पाहिले. स्वच्छ. तिने काखा पाहिल्या, गुडघ्यांच्या मागे पाहिलं, कानांमागे पाहिलं, केसांत बोटं घालून टाळू चाचपली. त्याची बायको उशाशी उभी राहून डॉक्टरणीचे हात कुठे कुठे फिरतात ते नीट बघत होती. रूथने हात जोडले. मी ओरडणार नाही, कुणाला सांगणार नाही, फक्त खरं सांगा, किती दिवस झाले, असं तिने तिला विनवलं.

"आज सकाळपासून," बाई म्हणाली, आणि तिने नवऱ्याच्या अंगावरची चादर गळ्यापर्यंत ओढून घेतली.