तीट पुसताना

"आज तरी फोटो काढशील का नाय?" नातीला स्टुलावर बसवत गोजराबाईंनी सुनेला विचारलं. "उद्या शाळेत फारम द्यायचंय."

ललिता कॅमेऱ्यामागे नुसती उभी होती. पंचवटीतल्या या चिमुकल्या स्टुडिओत दहा-बारा वर्षांत तिने किती लेकरांचे फोटो काढले, याची मोजदाद नव्हती. पण साडेतीन वर्षांच्या गोदूचा, स्वतःच्या लेकीचा, एकही नाही. कुणी विचारलंच तर हसून म्हणायची, "दिव्याखाली अंधार!"

कामाबाबत तिचा एक नियम होता. चेहऱ्यावर जे त्या माणसाचं नाही, ते फोटोत येऊ द्यायचं नाही. थापलेली पावडर नको, उसनं हसू नको, तान्ह्यांच्या गालावरची काजळाची तीटही नको. त्यासाठी ओला रुमाल कायम हाताशी. आया कुरकुरल्या की ती म्हणे, "अहो, कॅमेऱ्याची कसली दृष्ट? फोटो झाला की लावा पुन्हा."

मयूरच्या उष्टावणाला तिने तसंच केलं होतं. तिचा थोरला, सहा महिन्यांचा. गालावरची तीट तिनेच पुसली, फोटो काढला, आणि पाहुण्यांच्या गडबडीत पुन्हा लावायची राहून गेली. पाचव्या दिवशी तापात तो गेला. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं. तिला ते पटलंही. तरी ती निगेटिव्ह ९५ सालापासून पाकिटातच होती. सहा वर्षं झाली, तिची एक प्रत काढायचा धीर झाला नव्हता.

काल ती गोदूला इंदिरानगरच्या एका स्टुडिओत घेऊन गेली होती. तिथल्या माणसाने गाल पुसायला हात पुढे केला, आणि ही लेकीला उचलून सरळ रिक्षात.

बाहेरच्या बाकावर झेबा ताटकळली होती. कॉलेजच्या फॅशन शोसाठी तिला फोटो हवे होते. "ताई, और कितना टाइम? माझा मेकअप उतरायला लागलाय!"

"पाचच मिनिटं गं."

शाळेच्या कागदावर लिहिलं होतं, फोटोत चेहरा स्वच्छ असावा. ललिताने रुमाल उचलला. गोदूच्या कपाळाला हात लावून पाहिला. गार होतं. मग मानेला. तीही गार. रुमाल मात्र गालावरच्या तिटेपर्यंत जाईना.

"आई, गुदगुल्या!" गोदू खिदळली.

"आत्या, माझ्यानं नाही होत," ललिता म्हणाली. सासूला ती आत्याच म्हणे.

गोजराबाई पेठ तालुक्यातल्या. देवऋषीला मानणाऱ्या, तीट लावल्याशिवाय लेकरू उंबऱ्याबाहेर न नेणाऱ्या. मयूर गेला तेव्हा त्या सुनेला चकार शब्द बोलल्या नव्हत्या, आणि तेच ललिताला आतून खात होतं. आता त्या पुढे झाल्या. जिभेला अंगठा लावला आणि नातीचा गाल एका फटक्यात पुसून टाकला.

"आत्या!"

"काढ आता. तू नाय, म्या पुसली. काय व्हायचं ते माझ्या माथी."

फ्लॅश उडाला, आणि त्याच क्षणी गोदू शिंकली.

ललिताचा हात आधी तिच्या कपाळाकडे गेला. डोळे मिटलेले आले असणार. पुन्हा काढायलाच हवा.

"पडदा कधी झाडला व्हता का?" गोजराबाई खेकसल्या. "धूळ हाय नुसती." पण त्यांची बोटं स्टुलाची कड सोडत नव्हती. ती चौकटीत येत होती. 'हात काढा' म्हणायचं ललिताच्या जिवावर आलं. तिने चौकटच थोडी वर घेतली.

"गोदू, माझ्याकडे बघ."

गोदूने पाहिलं. डावी भुवई किंचित वर, थेट मयूरसारखी. रोज कडेवर घेऊनही हे कधी दिसलं नव्हतं. ललिताने श्वास धरला आणि बटण दाबलं.

गोजराबाईंनी कमरेच्या पिशवीतून काजळाची डबी काढली. आधी नातीच्या गालाला बोट लावलं. मग तेच बोट सुनेकडे नेलं. ललिता मागे सरकली.

"हलू नको," त्या म्हणाल्या, आणि तिच्या गालावर बोट टेकवून नातीला घेऊन बाहेर गेल्या.

झेबा आत आली, ललिताकडे बघून हसली. "ताई, गालाला काजळ लागलंय. पुसू?" ओला रुमाल तिने उचललाही.

"राहू दे."

मेकअप पुसायला न सांगताच ललिताने दिवा तिच्याकडे वळवला, कॅमेऱ्याला डोळा लावला. बाहेरून गोदूची पुन्हा एक शिंक ऐकू आली. बटणावरचं बोट तिथेच थांबलं.

"समोर बघ गं," ती झेबाला म्हणाली.