अडीच तासांवरची लेक

आमच्या आईच्या स्वयंपाकघरातलं घड्याळ एक तास पुढे असायचं. बिघडलेलं नव्हतं हो! माझी धाकटी बहीण इडालिना लक्झेंबर्गला राहते, तिथली वेळ आमच्या पोर्तुगालच्या तासभर पुढे, म्हणून आईने मुद्दाम तसं लावलेलं. घरात दुसरं घड्याळ नाही. इथली वेळ हवी असली की आई मनात एक तास वजा करायची.

"आत्ता इडालिना जेवायला बसली असेल," असं म्हणत ती सूप ढवळणार. समोर बसलेली मी जेवले की नाही, ते कोण विचारतंय?

"लांब कुठेय गं ती? दीड हजार किलोमीटर. पोर्तोहून विमानात बसलं की अडीच तास!" हे अख्ख्या गावाला ऐकवून झालंय. मी नदीपलीकडे राहते, नऊ किलोमीटरवर. माझं अंतर कधी कुणी मोजलंय?

तर इडालिनाला मुलगी झाली. रविवारी बाप्तिस्मा. तिने आईला शनिवारचं विमानाचं तिकीट पाठवलं. आई जन्मात विमानात बसली नव्हती. आठवडाभर तिचे पाय जमिनीवर नव्हते. शुक्रवारी तिने पेटीतून आजीची सोन्याची कर्णफुलं काढली. आमच्याकडे ती आईकडून थोरल्या लेकीकडे जातात. आणि थोरली मी!

"बाळाला नेते," आई म्हणाली. "तुला कुठे मुलगी आहे, देओलिंदा? तू काय करणार ठेवून?"

माझ्या अंगाची लाहीलाही झाली. ती अंगणात वाळलेले कपडे काढायला गेली, तशी मी स्टुलावर चढले आणि काटे एक तास मागे केले. या घरात आता इथलीच वेळ चालेल, एवढंच मनात होतं. खोटं कशाला बोलू? एवढंच नव्हतं.

मी आईच्याच गावच्या चौकातल्या बेकरीत कामाला आहे, बस समोरच थांबते. शनिवारी आठची विमानतळाची बस माझ्या डोळ्यांदेखत गेली. नऊला दहा कमी असताना आई आली. निळा कोट, केस नीट बसवलेले, हातात बॅग.

"आलेच की नाही वेळेवर?" ती हसून म्हणाली. "बसला अजून दहा मिनिटं आहेत."

पुढची बस अकराला. विमान त्या दिवशी एकच.

मी तिला तिच्या घरी आणलं. कितीतरी वेळ ती कोट न काढता बसून राहिली. दुपारी तिने फोन लावला.

"इडालिना, माझंच डोकं चालेना गं. तास दोनदा वजा केला की काय, देव जाणे. पुन्हा तिकीट पाठवू नकोस. मला नाही झेपायचं."

फोन ठेवून तिने कर्णफुलं माझ्या हातावर ठेवली. "घे. जवळची तूच."

जन्मभर ज्यासाठी जळले ते हातात होतं, आणि मला मूठ मिटवेना.

"आणि ते घड्याळ आपल्या वेळेवर लाव बाई. मला नको आता ते."

मी स्टुलावर चढले. काटे आपल्याच वेळेवर होते. आईकडे पाठ करून, काट्यांकडे बघत मी नुसती उभी राहिले. मागे आईने रोजच्यासारखा बातम्यांसाठी रेडिओ लावला. निवेदकाने एक वाजल्याचं सांगितलं. घड्याळातही बरोबर एक वाजला होता.

आईने रेडिओ बंद केला.

"देओलिंदा, तू अजून हात लावला नाहीस ना त्याला?"

"लावला, आई," मी म्हणाले. "काल."