महिपतीच्या रक्तातला आकडा

महिपती कोष्टीच्या रक्तातून निघालेला आकडा लोखंडे सिस्टरनी दुपट्यात गुंडाळून आणला आणि त्याच्या बायकोच्या, शालनच्या मांडीवर ठेवला. बासष्ट होता. डोळे मिटलेले, दात नव्हते, पण कपाळाची ठेवण थेट महिपतीची.

"मावशी, तुमच्या मालकांच्या स्वादुपिंडाला सूज आलीय. हा त्यांचा सीआरपी, रक्तातला सुजेचा आकडा. उद्या संध्याकाळी पाचला दुखणं सुरू होऊन अठ्ठेचाळीस तास भरतील, तेव्हा याला काट्यावर घालू. दीडशेच्या आत राहिला तर माणूस हाती लागला म्हणायचं. वर गेला तर अवघड आहे."

शेजारच्या बाकावर महिपतीचाच दुसरा आकडा बसला होता, लायपेजचा. चांगला अडीच हजारांचा, आणि ओरडून व्हरांडा डोक्यावर घेत होता.

"त्याच्याकडं बघू नका," सिस्टर म्हणाल्या. "त्याच्यावरनं दुखणं कुठलं ते कळतं, पुढचं काही कळत नाही."

उथळ पाण्याला खळखळाट फार. बासष्ट मात्र गप्प होता. शालनला त्याचीच भीती वाटली, आणि लगोलग मायाही आली.

आत वॉर्डात महिपती कण्हत होता, पण त्याला पाण्याचा थेंबसुद्धा द्यायचा नव्हता. तीस वर्षं मागावर राबून आलेल्या या माणसाला शालननं एकदाही उपाशी झोपू दिलं नव्हतं. आधी पोटोबा, मग विठोबा, हा त्या घरचा कायदा. सवयीनं तिनं दूधभाताचा डबा आणला होता. झाकण निघालं तसं आकड्यानं तोंड उघडलं.

आता उघडलेल्या तोंडात घास घालायचा नाही, हे शालनला कुणी शिकवलं होतं? तिनं घातला. मग दुसरा घातला. दुसऱ्या दिवशी दुपारी आकडा एकशे बेचाळीस झाला आणि त्याला मिशी फुटली. त्याच्यापायी व्हरांडाही अरुंद होत आला होता. समोरची भिंत शालनच्या गुडघ्यांना टेकली.

"काय खायला घातलंत?" सिस्टरनी विचारलं.

"उपाशी हुतं ओ."

"ते लेकरू नव्हे, मावशी. सूज आहे ती. अजून दोन तास आहेत, आता शीतसुद्धा घालू नका."

 आपल्याच हातानं आपण नवऱ्याचं वाटोळं केलं, असं शालनला वाटलं आणि ती पदर तोंडाला लावून रडली. डब्यात दोन घास उरले होते. तिनं झाकण घट्ट लावलं.

"शालन," आकडा महिपतीच्या आवाजात म्हणाला, "एक घास दे की."

"न्हाई."

"तू कधी न्हाई म्हणाली न्हाईस."

"आज म्हणतीया."

तो हुंदके देत राहिला. प्रत्येक हुंदक्याला एकेक वाढत गेला. एकशे त्रेचाळीस. एकशे चव्वेचाळीस. भिंत इतकी जवळ आली की शालनला पाय पोटाशी घ्यावे लागले. तिनं त्याच्या पाठीवरून हात फिरवला. देण्यासारखं तेवढंच होतं.

बऱ्याच वेळानं त्यानं मान वर केली.

"तू जेवलीस का?"

दोन दिवसांत हे तिला कुणी विचारलं नव्हतं. तिच्याही ध्यानात नव्हतं.

"न्हाई."

"मग ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. तिच्या पदराचं टोक मुठीत धरून तिच्या खांद्यावर झोपला. आतलं महिपतीचं कण्हणं बंद झालं होतं.

पाच वाजता सिस्टर काटा घेऊन आल्या. शालननं पदर सोडवायला घेतला. एक बोट उचलावं तर दुसरं मिटायचं. जोर करायला तिचा हात धजेना.

"असू दे," सिस्टर म्हणाल्या. "दोघं बसा. तुमचा आकडा वजा करू. तुमचा किती?"

शालननं आठवून बघितलं.

"माझं रक्त कधी कुणी काढलंच न्हाई," ती म्हणाली, आणि आकड्याला सावरत काट्यावर बसली.

काटा चढू लागला.