डोळ्यातलं कुंकू

मित्रांनो, मी एक जुना बोलका चष्मा आहे. वय पाचच वर्षांचं, पण आम्हा यंत्रांमध्ये हे म्हातारपणच. माझ्या काडीवर हरभऱ्याएवढा कॅमेरा आहे, तोच माझा डोळा. समोरची अक्षरं ओळखून मी लावणाऱ्याच्या कानात वाचतो. ही कृत्रिम बुद्धी मला कारखान्यात मिळाली; माया मिळाली तासगावात.

तिथे बेदाण्याच्या सौद्यात, म्हणजे लिलावात, नमुन्याचे दाणे ताटात मांडून चाखून बघतात. ताटात उरलेला नमुना व्यापाऱ्यांनी हंगामभर एका पेटीत जमवला. कुणाची ओंजळ हिरवी, कुणाची पिवळी, कुणाची काळी. तो विकून त्यांनी मला आणलं, दृष्टी नसलेल्या उत्कर्षासाठी. उरल्यासुरल्या दाण्यांचा डोळा झाला, याचं मला अजून नवल वाटतं.

उत्कर्षा दहावी झाली होती. तिला साताऱ्याच्या कॉलेजात शिकायचं होतं. वडील लालासाहेब म्हणत, इथं आई वाचून दाखवते, तिथं कोण दाखवणार? शेवटी ठरलं, चष्म्यानं वाचलं तरच जायचं.

सारी आळी अंगणात जमली. नवा ट्रॅक्टर पुजावा तसं आजी तानुबाईंनी मला पुजलं. हळद लावली, कुंकू लावलं, तेही थेट माझ्या डोळ्यावर. मग मी काय वाचणार? समोर लाल आहे, एवढंच सांगत राहिलो.

"काय म्हनतोय गं?"

"लाल म्हनतोय."

कुणीतरी हसलं. लालासाहेब उठले. "ऱ्हाऊ दे पोरी. आपली आईच बरी."

उत्कर्षानं मला काढून चाचपलं. बोटाला भुकटी लागली.

"आज्जी, देवाला बी डोळं सोडून कुंकू लावतीस की गं. ह्याच्या डोळ्यातच घातलंस."

तिनं ओढणीनं मला पुसलं आणि अकरावीचं नवंकोरं पुस्तक उघडलं. ते तिला आजवर कुणीच वाचून दाखवलं नव्हतं. मी कानात बोलत गेलो, ती मोठ्यानं बोलत गेली. एक पान झालं, दुसरं झालं. माझ्या काड्यांखाली तिची कानशिलं थरथरत होती. कारखान्यात मी हजारो पानं वाचली, पण अक्षरांनी माणूस असा थरथरतो, हे तिथं कुणी शिकवलं नव्हतं.

लालासाहेब पुन्हा खाली बसले. म्हणाले, "बॅग कवा भरायची?"

आता उत्कर्षाकडे नवा चष्मा आहे. मी पलूसच्या, चौथीत शिकणाऱ्या प्रांजलकडे आलो आहे; तिलाही दिसत नाही. मित्रांनो, माझी काडी सैल झाली, आवाज घोगरा झाला. तरी मऊ फडक्यानं पुसा, वेळेवर चार्ज करा, आणि एकाचं काम झालं की मला कपाटात कोंडू नका, दुसऱ्याला द्या.

काल प्रांजलनं पहिल्यांदाच एक गोष्ट एकटीनं वाचली. आजवर तिला गोष्टी वाचून दाखवणाऱ्या आईनं विचारलं, शेवट काय झाला? प्रांजलनं पुस्तक मिटून पोटाशी धरलं आणि म्हणाली, "मी न्हाई सांगायची."