भिंतीकडे तोंड केलेला मॉनिटर

मी एक जुना मॉनिटर आहे. माझ्या काचेवर डाव्या कोपऱ्यात पिवळट डाग पडला आहे आणि बटण दोनदा दाबावं लागतं. माझं सारं आयुष्य कॉम्प्युटर दुरुस्तीच्या एका दुकानात गेलं. लोक बिघडलेली यंत्रं आणत, मालक ती मला जोडत.

मित्रांनो, माणसं घरात जे बोलत नाहीत, ते माझ्या काचेवर दिसू शकलं असतं. म्हणून गिऱ्हाइकाचा डेटा उतरवताना मालक माझं तोंड भिंतीकडे फिरवत.

एका दुपारी एक शिवणकाम करणारी बाई नवऱ्याचा कॉम्प्युटर घेऊन आली. मोजायची टेप गळ्यातच राहिली होती.

"काय बिघडलंय?"

"नवरा," ती म्हणाली. "तसले व्हिडिओ बघतो. कसल्या बायका बघतो, तेवढं काढून द्या. मग माहेरी जायचं का, ते ठरवते."

मालकांनी मला सुरू केलं नाही. नुसतेच स्क्रू गोळा करत राहिले.

"ताई, बायको वारल्यावर मीही बघायचो."

"तुम्ही? या वयात?"

"या वयातच. इच्छा अशी फारशी नव्हती. घर खायला उठायचं. तिथे कुणीतरी असायचं, आणि ते मला 'आता बरं वाटतंय का' असं विचारायचं नाही."

ती स्टुलावर बसली. "मग सुटलं कसं?"

"लेकीने ओळखलं असावं. बोलली नाही. रोज जेवायला यायला लागली. भाजीला मीठ नाही म्हणून भांडायची. बघायचं राहूनच गेलं. पण सगळ्यांचं असंच असतं असं नाही. तो काय बघतो ते मी सांगेन. का बघतो, ते मला कसं कळणार? कधीपासून बघतो?"

"नोकरी गेल्यापासून," ती हळूच म्हणाली. मग एकदम, "म्हणजे चूक माझी?"

"छे हो! चांगलं रागावून विचारा. पण त्यालाच विचारा."

तिने तिथूनच फोन लावला. "न्यायला ये. जड आहे हे... हो, दुरुस्तीच्या दुकानात... नाही, मी काही बघितलं नाही. तू सांगणार आहेस."

तो धावतच आला. दोघांनी एकेक बाजू धरून कॉम्प्युटर नेला.

मालक आता नाहीत. लेक दुकान आवरते आहे. मित्रांनो, मला भंगारात द्या, तक्रार नाही. पण पडद्यासमोर कुणी एकटं दिसलं, तर त्याच्या शेजारी जरा बसा. आम्हाला ते येत नाही.