बदक नव्हतं ते

पुढच्या शनिवारी मिरीची परीक्षा होती आणि ती पहिली येणार याबद्दल मला काडीचीही शंका नव्हती. शिकवलं कुणी होतं? मी! इथे जर्मनीत सोळाव्या वर्षी शिकारीचा परवाना काढता येतो, आणि तो काढलेली अख्ख्या शाळेत मी एकटी. आई अजून विचारते, "अन्वी, बदकं मारून काय मिळतं गं तुला?" स्वतः एर्लांगेनच्या लॅबमध्ये दिवसभर उंदरांना सुया टोचते, आणि मला विचारते.

मिरी माझी शिकारी कुत्री. बाकीच्यांचे कुत्रे घरातल्या सगळ्यांचं ऐकतात. मिरी फक्त माझं. तसंच शिकवलं होतं मी तिला, मुद्दाम.

त्या दुपारी मी आणि ओपा, म्हणजे बाबांचे वडील, माशांच्या तळ्यांवर गेलो. धुकं इतकं, की पलीकडचा बांध दिसत नव्हता. बदकांची एरवी सारखी कलकल चाललेली असते. आज एकही आवाज नाही.

"मला हे आवडत नाहीये," ओपा म्हणाला. "परत जाऊ या."

"ओपा, तू म्हातारा झालास!"

"हो, झालोय. म्हणून तर दहाही बोटं शाबूत आहेत."

तेवढ्यात धुक्यातून एक बदक उठलं. ओपाने बार टाकला आणि ते काठच्या उंच बोरूच्या बेटात पडलं. मी मिरीला सोडलं.

बोरू हलत गेला. पण बदक पडलं त्या दिशेला नाही, उलट्या. मग आतून कुणीतरी घोगऱ्या आवाजात खाकरावं तसं ऐकू आलं. एकदाच. ओपाने बंदुकीची नळी खाली वाकवून काडतुसं बाहेर काढली. का, ते मी विचारलं नाही.

मिरी बाहेर आली. तोंडात तपकिरी, पट्ट्यापट्ट्यांचं काहीतरी होतं. हिरवट पाय खाली लोंबत होते, लांब मान सैल पडलेली.

"रोरडॉमेल," ओपा पुटपुटला. बगळ्याच्या कुळातला हा पक्षी, शिकारीला बंदी असलेला आणि इतका दुर्मिळ, की ओपाने तो आयुष्यात दोनदा पाहिला होता. "चोच सांभाळ. हे थेट डोळ्यावर मारतात."

"मेलाय रे तो, मान बघ की."

कुत्र्याने भलतंच काही उचलून आणलं तर काय करायचं, हे मला पाठ होतं. ओढायचं नाही. गुडघ्यावर बसायचं, आधी पक्ष्याचं डोकं मुठीत धरायचं आणि मगच 'आउस', म्हणजे 'सोड', म्हणायचं. म्हणजे कुत्रा हळूच सोडतो.

पण मिरी माझ्यासमोर येऊन बसली ना! पाठ ताठ, नजर माझ्यावर, जबडा अलगद मिटलेला. परीक्षेत अगदी असंच बसावं लागतं, हुकूम येईपर्यंत. तीन महिने ती असं बसत नव्हती. मी मनात परीक्षेसारखे पाचपर्यंत आकडे मोजायला घेतले. एक. दोन.

"अन्वी, डोकं धर."

"थांब ना! बघ तरी कशी बसलीये!"

तीन. ती सैल मान हळूहळू आत ओढली जात होती. स्प्रिंग दाबत न्यावी तशी. एक पिवळा डोळा उघडा होता. तो माझ्याकडे बघत नव्हता.

मला कळलं. तोंड उघडलं, पण आवाजच फुटेना.

चोच लागली तशी मिरी शहारली. पण तिने सोडलं नाही. मी म्हटलंच नव्हतं ना.

"आउस!" ओपा ओरडला. "आउस, मिरी!"

तिने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. चोच पुन्हा लागली. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली, थरथरत.

"आउस," मी कसंबसं म्हणाले.

तिने जबडा उघडला. इतक्या हळुवारपणे, की त्या पक्ष्याचं पीसही विस्कटलं नाही. तो उभा राहिला आणि सावकाश चालत बोरूत नाहीसा झाला.

ओपा मफलर सोडत धावत आला. "गावातला जनावरांचा डॉक्टर पाचला दवाखाना बंद करतो. चल."

"ओपा, डोळा आहे ना रे?"

ओपा मफलरची घडी घालत राहिला.

मिरी अजून बसलेलीच होती. अर्धं तोंड लाल. उठायची परवानगी मीच द्यायची होती.

"चल, मिरी," मी म्हणाले.

ती लगेच उठली, नेहमीसारखी डावीकडून वळली, आणि माझ्या गुडघ्यावर आपटली.